करोडगिरीच्या दाराआडचे हात

१

चांगुणाला सगळ्यात पहिलं असायला आवडायचं. वर्गात नव्हे हं, तिथं तिचा नंबर मधेच कुठंतरी रुतून बसलेला असे. पण गाडीतून उडी मारण्यात, हौदावर बादली लावण्यात आणि चिंचेच्या झाडावर चढण्यात तिच्या पुढं जाणारी कोणी नव्हती. म्हणून दिवाळीची सुट्टी संपल्यावर वसमतच्या मुलींच्या वसतिगृहात, पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन, धापा टाकत पहिली शिरली ती चांगुणा. आणि म्हणूनच ते हात पहिल्यांदा दिसले तेही तिलाच.

त्या घराला गावात वसतिगृह कोणीच म्हणत नसे. सगळे म्हणत 'करोडगिरी'. निजामाच्या राज्यात तिथं मालावर कर घेणारी करोडगिरीची चौकी होती. चौकी गेली, पण नाव राहिलं, आणि भिंतीतल्या बैल बांधायच्या लोखंडी कड्या राहिल्या. पुढं रझाकारांच्या काळात आतल्या खोलीत माणसं कोंडली. ती कोठडीही गेली, पण दाराची कडी बाहेरून होती ती बाहेरूनच राहिली, आतून लावायची सोयच नाही! मग तिथं कचेरी आली. तिनं भिंतींना पिवडी फासली, तोच तो पिवळा सरकारी रंग. कचेरी हलली आणि पुढच्या दालनात हळदीचं गोदाम झालं. हळद संपली, वास काही संपला नाही. आणि सगळ्यांच्या शेवटी आल्या खेड्यापाड्यांतल्या मुली.

"या घरातून जो जातो ना, तो काही ना काही ठेवून जातो," म्हातारा राखणदार जळबा म्हणायचा, आणि डोळे बारीक करून आतल्या खोलीकडं बघायचा. लहान मुली तेवढ्यानंच चादरीत शिरायच्या.

वसतिगृह सांभाळणाऱ्या पद्माबाईंनी आतल्या खोलीचं कुलूप काढलं आणि उघड्या दाराला दगड लावला. "सुट्टीत चुना मारून घेतला बरं का. त्या पिवडीनं दिवसासुद्धा अंधार वाटायचा. बघ कशी लख्ख झालीय!"

खरंच लख्ख झाली होती. चांगुणा थेट आपल्या कोपऱ्याकडं धावली, दाराआडच्या. तिथं तिची आणि द्वारकाची पेटी शेजारी-शेजारी असायची. द्वारका, म्हणजे सहामाहीला गणिताचा पेपर कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात लिहूनही पहिली आलेली तिची जिवाभावाची मैत्रीण, अजून यायची होती. हे दार नेहमी दगड लावून उघडंच असायचं. पेटी सरकवायला चांगुणानं दगड बाजूला केला, दार लोटलं, आणि मान वर केली.

पांढऱ्याशुभ्र भिंतीवर हात होते. एका ओळीत पाच. बोटं वर करून. वाळलेल्या रक्ताच्या रंगाचे.

ती ओरडली नाही. ओरडली ती मागून आलेली नर्मदा, आणि अशी ओरडली की आवारातल्या चिमण्या उडाल्या. कारण चांगुणा अजून हातच मोजत होती, तोवर नर्मदानं बोटं मोजली होती.

प्रत्येक हाताला चारच बोटं होती.

२

"नरसिंग!" जळबानं दाराबाहेरूनच हात जोडले. "म्या सांगत नव्हतो? रझाकारांनी याच खोलीत कोंडला व्हता त्याला. कापसाचा बोजा एका खांद्यावर न्यायचा, असा गडी! त्याचं बोट तोडलं, तरी सोबत्यांची नावं सांगितली न्हाई त्यानं. इथंच गेला. भिंत कोरी दिसली आन् परत आला बघा."

आठवडाभरापूर्वी खोली रंगवून झाली, त्याच संध्याकाळी पद्माबाईंनी स्वतः कुलूप घातलं होतं. किल्ली त्यांच्या कमरेला. खिडकीला गज असे की मांजराचं पिल्लूही येणार नाही. मग चुन्यावर हात उमटवायला आत गेलं कोण?

रंगारी भावसिंगाला बोलावलं. तो भिंतीपासून चार पावलं लांबच थांबला.

"देवाशपथ बाई, म्या मारला तवा भिंत साफ व्हती. म्हंजे, दिसली तरी साफ. पिवडीवरच चुना दिला. दाराआडची भिंत सगळ्यात शेवटी. उजेड गेला व्हता, आन् ओला चुना असतोयच मळकट, वाळल्याबिगर रंग कुठं दिसतोय? हात फिरवला आन् गाडी धरली."

"कोणी आलं होतं मधे?"

"कोन येतंय, बाई? आमालाच ही खोली खायला उठती."

त्या दिवशी मुलींनी अंथरुणं पुढच्या दालनात टाकली. दिवेलागणीला वारा सुटला आणि आतल्या खोलीची बाहेरची कडी आपोआप हलायला लागली. खण्ण. थोडं थांबून पुन्हा खण्ण. जणू आत कोणीतरी दार ढकलून बघत होतं. नर्मदा पळताना उंबऱ्याला अडखळून पडली होती. तिचा घोटा सुजून टम्म झालेला, पण कण्हायचीसुद्धा तिला भीती वाटत होती.

गावात बातमी फिरायला गाडी लागत नाही, पण ही बातमी गाडीनंच फिरली, कंडक्टरच्या तोंडून, पार हिंगोलीपर्यंत आणि पुढं चांगुणाच्या गोरेगावपर्यंत. दोन दिवसांत चांगुणाच्या वडिलांचा, पुंजाजींचा, निरोप आला: "पेटी भरून ठेव. रविवारी न्यायला येतो."

असाच निरोप सगळ्याच मुलींना आला.

"गेलीस की पुन्हा येणार नाहीस," पद्माबाई हळूच म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "एकही नाही येणार. दुष्काळात थांबलेली लग्नं यंदा सगळ्यांनाच उरकायचीत. पोरगी घरी दिसली की स्थळ दिसतं. आणि मुलीच नाहीत म्हटल्यावर वसतिगृह कशाला ठेवतील? त्या हळदीवाल्या किसनरावांचा या घरावर डोळा आहेच म्हणतात."

गोरेगावात नववीच्या पुढं गेलेली मुलगी चांगुणाच्या नात्यात एकही नव्हती. तिला व्हायचं होतं पहिली. तिथंही.

तिनं पेटी भरली. पण कुलूप लावलं नाही.

"नरसिंगबाबा," ती बंद दाराला म्हणाली, "तुमी खरे असाल तर माफ करा. पन मी रविवारपर्यंत चौकशी करून राहिले."

३

पहिला जळबा.

"बाबा, नरसिंगाचं कोणतं बोट तोडलं होतं?"

"हे. अंगठ्याजवळचं."

"सुट्टीच्या आधी तर करंगळी सांगितली होती! मी तिथंच होते. तुमी करंगळी वाकडी करून दाखवली, आन् लहान्या पोरी रडल्या."

जळबानं विडी विझवली. ती पेटलेलीच नव्हती. "म्हाताऱ्या मान्साची याद, पोरी. भिंतीवर बघितलं, तवा बराबर आठवलं."

म्हणजे भिंतीनं गोष्ट सुधारली! चांगुणाला गुदगुल्या झाल्या. तिनं धीर करून खोलीत जाऊन आपला तळवा भिंतीवरच्या तळव्याजवळ नेला. जवळच, लावला नाही. हात तिच्याएवढाच होता. आणि होता कुठं? तिच्या छातीच्या उंचीवर. कापसाचा बोजा एका खांद्यावर नेणारा गडी मेल्यावर नववीतल्या पोरीएवढा कसा होईल?

दुसरे किसनराव. त्यांच्या अडतीवर ती, घोटा बघायला आलेल्या नर्मदाच्या भावाची सायकल मागून गेली. मोठे गृहस्थ, बोटं केळीच्या फण्यासारखी.

"मला हवंय ते घर?" ते पोट धरून हसले. "अगं पोरी, ते बघ समोर!" रस्त्यापलीकडं सिमेंटचं नवं गोदाम उभं होतं आणि हमाल पोती आत नेत होते. "तुझ्या करोडगिरीत पावसाळ्यात माझी हळद भिजली. फुकट दिलं तरी नको. आणि आतली खोली तर मी उघडलीच नाही कधी. धंदा करायचा तर कोठडीत कशाला शिरा?"

तिसरी सोजराबाई, स्वयंपाकीण. नर्मदाचा घोटा मांडीवर घेऊन ती लेप लावत होती. चांगुणा उखळावर बसली आणि खिशातली चिंच काढून चोखायला लागली. चिंचेशिवाय तिला विचार सुचत नसे.

"मावशी, सुट्टी लागली तेव्हा सगळ्यात शेवटी कोण गेलं?"

"द्वारका. समद्या गेल्या, ती एकलीच व्हती. तिचा बाप दुसऱ्या दिशी आला न्यायला. लई गुमसुम व्हतं लेकरू. बाप मधी एकदा भेटून गेला ना, तवापासून जेवायचीच न्हाई धड. त्यात रहाटात बोट चेंगरलेलं. 'मावशी, बोटाला लावाया हळद द्या' म्हनली. म्या दिली चिमूटभर, तर म्हनती वाटीभर द्या."

"वाटीभर? एका बोटाला?"

"मीबी तेच म्हनलं! हसली नुसती. दिली म्या. काहून विचारून राहिली?"

"काही नाही, असंच," चांगुणा म्हणाली. खरंच तिला तेव्हा काही सुचलं नव्हतं. तिनं नर्मदाचा घोटा बघायला हात पुढं केला. लेप चांगला जाड होता, तांबडालाल.

"हात नको लावू गं!" नर्मदा कळवळली.

पण लागलाच. चिंचेनं चिकट झालेलं बोट लेपावर टेकलं. चांगुणानं ते उचललं आणि तिच्या तोंडातला चिंचोका खाली पडला.

जिथं बोट टेकलं होतं तिथं लाल लेप पिवळा झाला होता.

४

"मावशी, या लेपात काय आहे?"

"मुक्या माराला काय लावत्यात? हळद आन् चुना. हळद पिवळी, चुना धवळा, एक केलं की लाल. आंबट लागलं की पुन्ना पिवळं. एवढंबी ठावं न्हाई व्हय गं साळंत जाऊन?"

ठाऊक होतं! कुंकू कसं करतात ते मराठवाड्यातल्या कुठल्या पोरीला ठाऊक नसतं? पण भिंतीवरच्या हातात हळद कोण शोधणार!

चांगुणा धावली. मागून नर्मदा लंगडत आली. बंद दाराआडच्या अंधारात, पहिल्या हाताच्या करंगळीवर, चांगुणानं चिंचेचं बोट टेकवलं.

करंगळी पिवळी झाली.

"रगत न्हाई!" नर्मदा तिच्या गळ्यातच पडली. "हळद हाय! गोदामातली हळद भिंतीत मुरली आन् चुन्यानं लाल झाली. सुटलो गं बाई!"

"मुरलेली हळद ढगासारखी पसरली असती, नर्मदे. तिला बोटं कशी फुटतील? आन् गोदाम पुढं होतं. ही खोली किसनरावांनी उघडलीच नव्हती." चांगुणा भिंतीला पाठ लावून बसली आणि तिला एकेक गोष्ट दिसायला लागली, पहाटे झाडं दिसायला लागतात तशी. कुलूप घातल्यावर आत कोणी आलंच नव्हतं. हात चुन्यावर नव्हते, चुन्याखाली होते. चुन्याच्या आधी इथं पिवडी होती. पिवळ्या भिंतीवर पिवळे हात, कोणाला दिसणार? आणि हळदीचा वास? तो तर घरभर आधीपासूनच होता. कोठडीनं कडी बाहेरून ठेवली म्हणून दार कायम उघडं राहिलं, कचेरीनं पिवडी दिली, गोदामानं वास दिला. या घरानं आपला सगळा जुना संसार पांघरून ते हात लपवून ठेवले होते.

"पन असे हात उठवतंय कोन?" नर्मदा म्हणाली. "असे ओळीत? आमच्या ताईच्या लग्नात उठवले होते तसे. हळद कुटाया घेतली की नवरी माहेरच्या भिंतीवर हात उठवती. म्हंजे ती गेली तरी..."

ती बोलता बोलता थांबली, कारण चांगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

लाल दिसले म्हणून सगळ्यांनी मेलेला माणूस शोधला. पिवळे दिसले असते तर नवरी शोधली असती.

नवरी. चेंगरलेल्या बोटाला चिंधी बांधलेली. त्याच बोटापायी गणिताचा पेपर कोंबडीच्या पायांनी लिहिलेली. बाप भेटून गेल्यापासून न जेवणारी. वाटीभर हळद मागणारी.

"द्वारका परत यायची नाही," चांगुणा म्हणाली. "ती आपला निरोप घेऊन गेली, आन् आपण तिलाच भूत म्हणून राहिलो."

५

रविवारी आवारात धोतरं, टोप्या आणि फेटे दाटले. पेट्या रांगेनं बाहेर आल्या. त्यात एक माणूस लेक इथं नसतानाच आला होता. पुसेगावचे ग्यानबा, द्वारकाचे वडील.

"पोरगी येत न्हाई आता," ते पद्माबाईंना म्हणाले. "या घरात भूत हाय म्हनत्यात. सुट्टीत तिची पेटी इथंच ऱ्हायली, तेवढी द्या."

पद्माबाई काही बोलणार, इतक्यात चांगुणा ओट्यावर चढली. हातात चिंचेच्या कोळाचं भगुणं.

"सगळ्यांनी आत या! भूत दाखवते!"

"खाली उतर गं!" पुंजाजी गर्दीतून ओरडले. "वडीलधाऱ्यांपुढं काय हे?"

"बाबा, एकदा बघा. मग मी गुमान गाडीत बसते."

पुंजाजींनी लेकीकडं पाहिलं. फेटा सावरला आणि सगळ्यात आधी तेच आत शिरले. पहिलं व्हायची खोड घरातूनच आली असावी.

दार लोटलं. हात दिसताच मागचे मागं सरले. चांगुणानं फडकं कोळात बुडवलं आणि पहिल्या हातावरून सावकाश फिरवलं. बाहेर कडी वाऱ्यानं खण्ण वाजली आणि एक दांडगा फेटेवाला "आई गं" म्हणाला. लाल तळवा विरत गेला. त्याखालून हळदीचा पिवळा तळवा वर आला. मग दुसरा. मग तिसरा.

"रगत धुतलं तर पिवळं होतं का, सांगा? ही हळद हाय. चुना लागून लाल झाली. ती आधी लावली, चुना मागून लागला. नरसिंगबाबांचा यात काही दोष न्हाई." ती जळबाकडं वळली. "आन् त्यांचं बोट करंगळीच होतं, व्हय ना बाबा?"

"व्हय," जळबा पुटपुटला. "करंगळीच."

हसू फुटलं, मोठ्ठं, दबलेलं सुटल्यासारखं. पण चांगुणा हसली नाही.

"हे नवरीचे हात हायत. तिच्या या बोटाला चिंधी होती, म्हणून ते उठलं नाही." तिनं आपलं अंगठ्याजवळचं बोट दुमडून दाखवलं. "तिनं आमाला सांगितलं न्हाई, कारण सांगितलं असतं तर रडली असती. भिंतीला तेवढं सांगून गेली."

हसू थांबलं. गर्दी कोणाकडं बघावं ते न कळून इकडंतिकडं बघू लागली, आणि मग आपोआपच बाजूला झाली.

ग्यानबा भिंतीजवळ गेले. आपला रापलेला पंजा त्या लहान पंजावर ठेवू गेले, पण ठेवला नाही.

"घरी हळद कुटाया घेतली," ते भिंतीलाच सांगत होते. "तिला माय न्हाई. आत्या म्हनली, भिंतीवर हात उठव, बाई. तर म्हनती, 'माझे उठवून झाले.' आमी म्हनलो, कवा? कुठं? बोलंना. आमाला वाटलं, पोरगं याडं झालं." त्यांनी वळून पद्माबाईंकडं पाहिलं. "माहेर मान्लं तिनं हे. कोठडीला! आन् घरची भिंत कोरी ठेवली. काहून, बाई?"

"मला नका विचारू, ग्यानबा," पद्माबाई म्हणाल्या. "घरी जाऊन तिलाच विचारा. तुम्ही तिला काही विचारलंय का आजवर?"

ग्यानबांनी जोडे घातले आणि ते फाटकाबाहेर पडले.

सोजराबाई मागं धावली. "अवो, पेटी! पेटी ऱ्हायली!"

त्यांनी मागं पाहिलं नाही.

"तुझीबी पेटी आत ने," पुंजाजी चांगुणाला म्हणाले. "उगीच येवढ्या लांबून तकलीफ दिली बापाला."

६

तुळशीचं लग्न लागलं, लग्नसराई सुरू झाली. पुसेगावच्या दिशेनं वाजंत्री गेली की काय, कोणाला कळत नव्हतं. चांगुणा रोज संध्याकाळी फाटकाशी उभी राहायची. गाडीतून उतरणाऱ्या पोरींत ती एक कधीच नसायची. दाराआडच्या कोपऱ्यात दोन पेट्या मात्र शेजारी-शेजारी होत्या.

आणि एक दिवस ती उतरली. मागं ग्यानबा, हातात ज्वारीचं गाठोडं.

"तिकडची मान्सं मॅट्रिकपत्तुर थांबतो म्हनली," ते पायरीवर बसत म्हणाले. "कुरकुर केली लई. न्हाई थांबली तर दुसरं बघू."

चांगुणानं द्वारकाला ओढत आत नेलं. भिंतीवर पाच हात होते, पिवळेधम्मक. त्या भिंतीला पुन्हा चुना लावायचा नाही, असं पद्माबाईंनी भावसिंगाला बजावून ठेवलं होतं. त्यालाही लावायची हौस नव्हतीच.

"भ्यालात व्हय मला?" द्वारका म्हणाली.

"मी न्हाई. नर्मदा भ्याली."

"खोटारडी!" नर्मदा दारातून ओरडली.

सोजराबाईनं न मागता हळदीची वाटी आणून ठेवली, चुन्यावर लाल पडू नये म्हणून चिंचेच्या कोळात कालवलेली. द्वारकाच्या बोटाची चिंधी कधीच सुटली होती. नख तेवढं काळं होतं. तिनं ते बोट हळदीत बुडवलं आणि राहिलेल्या जागी, एकेका हातावर, नीट टेकवत गेली.

मग वारा सुटला आणि बाहेरची कडी खण्ण वाजली. नर्मदा दचकलीच.

"थांब," चांगुणा म्हणाली. त्या रविवारनंतर पद्माबाईंनी सुतार बोलावला होता. करोडगिरीच्या आतल्या खोलीला आजवरच्या एकाही काळात नसलेली एक गोष्ट आता होती. चांगुणानं दार लोटलं. पाचही हात, पाची बोटांनिशी, समोर आले.

मग द्वारकानं हात वर केला आणि दाराला आतून कडी घातली.